कोणाच्या नजरेत भारी?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, माझ्या वयाची असताना तू कूल होतीस का गं?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच हसलास. दोन वाक्यांत सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

मी मधल्या बाकांवरची. मागच्या बाकांवरच्या मुली कूल होत्या. त्यांना काहीच शिकावं लागलेलं नाही असं वाटायचं. केस आपोआप नीट बसायचे, उत्तर चुकलं तरी खांदे उडवून बसायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी "मी तर पुस्तक उघडलंच नाही" असं सांगून चांगले मार्क आणायच्या. मीही ते वाक्य म्हणून पाहिलं होतं, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं घेऊन! कोणाचाच विश्वास बसला नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. 1528 साली बाल्दासारे कास्तिल्योने नावाच्या इटालियन सरदाराने दरबारात वावरणाऱ्यांसाठी पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला मुख्य सल्ला हाच, की जे कराल ते असं करा की त्यामागचे कष्ट दिसता कामा नयेत. म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं जे करतात त्याला जवळपास पाचशे वर्षांची परंपरा आहे. फक्त दरबार बदलला.

आणि माझं म्हणणं दरबाराबद्दलच आहे. आयुष्यभर आपल्या आवडी बदलतात असं आपण म्हणतो. मला वाटतं, आधी बघणारे बदलतात, आवडी मागून येतात. तू पाच वर्षांचा असताना तुझा दरबार म्हणजे मी आणि तुझे बाबा. पलंगावरून उडी मारलीस की आधी आमच्याकडे बघायचास. आता आमच्याकडे बघत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. घराबाहेर ज्यांच्याबरोबर जगायचं आहे, त्यांच्यात आपली जागा शोधणं हे तुझ्या वयाचं कामच आहे. म्हणून "लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस" हे मी तुला सांगणार नाही. हा सल्ला देणारे बहुतेक लोक दुसऱ्याच कुठल्या तरी लोकांचा विचार करत असतात.

2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी मित्र शेजारी असताना. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोके पत्करत होती. मोठ्या माणसांना मात्र फारसा फरक पडला नाही. हे वाचल्यापासून तुझ्या वयाच्या मुलांवर डाफरणं मी थोडं कमी केलं आहे. थोडंच.

दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर एका गायकाचा मोठा फोटो होता. आपण याचे चाहते आहोत असं कोणाला वाटू नये, अशी त्या मुलांची धडपड. किती जणांच्या लक्षात आलं असेल असं विचारल्यावर त्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी पाहिलं होतं. बाकीचे बहुधा स्वतःच्या शर्टाच्या काळजीत असणार (हे माझं अनुमान, त्यांचं नाही).

मागच्या बाकांचं पुढे काय होतं, तेही कोणीतरी मोजून पाहिलं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोसेफ ॲलन यांच्या गटाने 184 मुलामुलींवर 13व्या वर्षापासून 23व्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षी मोठं दिसायच्या घाईत असलेली, लवकर प्रेमप्रकरणं, छोटेमोठे नियम मोडणं, दिसायला छान मित्रांचाच घोळका असं करणारी मुलं सुरुवातीला लोकप्रिय होती. पण काही वर्षांत ती लोकप्रियता ओसरली, आणि विशीनंतर त्यांना नाती टिकवणं जड गेलं, दारू आणि नशेचे प्रश्नही जास्त आले. यात सूड उगवल्याचा आनंद मानू नकोस. सरासरीत कोणा एकाचं भविष्य लिहिलेलं नसतं, आणि माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरची एक मैत्रीण आजही माझ्यापेक्षा शंभर पटींनी मजेत जगते.

वस्तूंचं तर विचारूच नकोस. पहिल्या महायुद्धाआधी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. पुरुष खिशातलं घड्याळ काढून बघत. खंदकात सैनिकांना हात मोकळे हवे होते, म्हणून घड्याळ मनगटावर आलं आणि मर्दानी ठरलं. जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारायचं पेटंट 1873चं, आणि ती पँट मजुरांसाठी होती. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या काही शाळांनी तिच्यावर बंदी घातली, आणि मग ती सगळ्यांनाच हवीशी झाली. आमच्या लहानपणी पडद्यावरचा नायक सिगारेट पेटवूनच विचार करायचा. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरचा अहवाल आला होता, तरीही. आणि बाबांचं जे डेनिम जॅकेट मी देऊन टाकायला काढलं होतं, ते तू मागच्या सुट्टीत उचलून नेलंस. बाबा तेव्हापासून जरा ताठ चालतात.

आता मोठ्यांचा दरबार, ज्याबद्दल तुला कोणी सांगत नाही. तुला वाटतं आम्ही या सगळ्यातून सुटलो. कसले सुटतो! पस्तिशीत आम्ही कुठे काम करतो, घर केवढं आहे, सुट्टीत कुठे गेलो, यावर भाव ठरत होता. मग तुम्ही मुलं मोठी झालात आणि खेळ आणखी बिघडला. तुमचे मार्क हे आमच्या वयाचे ब्रँडेड बूट आहेत. कोणी "मुलगा काय करतो?" विचारलं की आम्ही पाय जरा पुढे करतो. तुझ्या वर्गात भारी बूट घालून येणाऱ्या मुलाला तू हसतोस ना, तसंच आम्हालाही हसत जा. मनातल्या मनात.

पन्नाशीला काय कूल वाटतं ते सांगते. एखादा माणूस चारचौघांत "मला हे माहीत नाही, सांगा बरं" म्हणाला की मी त्याच्याकडे बघतच राहते. साठीत पोहायला शिकणारी बाई, पाण्यात गटांगळ्या खात. शाळेत आम्ही जे लपवायचो, ते घाम गाळणं, अडखळणं, पुन्हा करून बघणं, तेच आता भारी वाटतं. पण ही माझी शहाणपणाची पातळी वाढली असं समजू नकोस. दरबारी कमी झाले, आणि उरले ते ओळखीचे आहेत. तुझ्या दरबारात अजून तीस अनोळखी डोळे आहेत. मलाही तेवढे असते, तर मीही गटांगळ्या लपवल्या असत्या.

तू पक्षी बघायला जाणं का थांबवलंस, ते मला माहीत आहे. कोणीतरी वर्गात पक्ष्यांचे आवाज काढून चिडवलं. त्यावर मी काही बोलणार नाही. त्या वर्गात तू बसतोस, मी नाही. फक्त एवढं कळवते की तुझी दुर्बीण सध्या दर रविवारी मी नेते. वह्याही सापडल्या. खंड्याच्या चित्रात चोच तू फार आखूड काढली आहेस, मी शेजारी पेन्सिलने दुरुस्ती केली आहे. पटली नाही तर सुट्टीत येऊन खोड, पण मग दुर्बीण शनिवारीच मागून घ्यावी लागेल.

तुझी,
आई