रिकामी वाटी घेऊन आलेल्या अक्कांना

अक्का,

हे पत्र तुम्हाला सहज वाचता येणार नाही. तुमची शाळा चौथीपर्यंतची, तीही तेलुगू. म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, संध्याकाळी नानम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली की मोठ्यानं वाचून दाखव. अडलं तर तेलुगूत सांग. आणि हे चारचौघांत लिहितेय त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात यांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा चारचौघांतच एक गोष्ट चुकीची बोलली गेली आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला तेव्हापासून झोपू देत नाही.

जेवणं आटोपल्यावर नात्यातल्या बायका मला मध्ये घेऊन बसल्या होत्या. "किती सावरलीस गं! खंबीर आहेस हो," असं एकीनं म्हटलं, बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांतल्या दोघींनी तेराव्यानंतर या घराची पायरी चढली नव्हती. तुम्ही त्या वेळी मागच्या दारी बसून पातेली घासत होतात. मी दारातून तुमची पाठ बघत होते आणि "हो, होतं हळूहळू" असलं काहीतरी बोलत होते. खरं मला सांगायचं होतं की सावरणारी मी नाही, ती बघा, तिकडं राखेनं पातेलं घासतेय.

ते आता सांगते.

हे गेले ते आषाढात. कडू घासापासून तेराव्यापर्यंत आपल्या गल्लीनं काही कमी केलं नाही, हे मी कबूल करते. रोज कुणाच्या तरी घरून पिठलं यायचं, भाकरी यायच्या, भात-आमटी यायची. डब्यांवर डबे. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून माझ्या मुलीनं झाकणांवर कागद चिकटवले होते. चौदाव्या दिवशी मुलगी तिच्या घरी गेली, डबे ज्याचे त्याला गेले, आणि गल्लीतून फक्त एक वाक्य येत राहिलं. "काही लागलं तर सांगा हं."

अक्का, ते वाक्य मी मोजलं नाही, पण शंभरदा तरी ऐकलं असेन. त्याचा मला राग यायचा आणि राग येतो म्हणून लाज वाटायची. काय सांगणार होते मी? रात्री साडेसात वाजले की या घरात काय होतं, ते कुणाला सांगायचं? इतकी वर्षं साडेसातला खाली गिरणीचा पट्टा थांबायचा. तो आवाज बंद झाला की मी तवा ठेवायची, हे हातपाय धुऊन पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत वर यायचे, तोवर पहिली भाकरी फुगलेली असायची. आता पट्टा दिवसभरच थांबलेला. मग तवा ठेवायचा कधी? दुपारी काहीतरी पोटात ढकलायची. रात्री चहात बिस्किटं बुडवायची आणि दिवा मालवायची. एकट्या जिवासाठी काय करायचं, असं म्हणत दीड महिना मी रात्रीचा गॅस पेटवला नव्हता.

यांचे दोस्त होते. नावं घेत नाही. दर रविवारी आमच्याकडं धपाटे व्हायचे, ज्वारी-गहू-बेसनाचं पीठ हे स्वतः निवडून दळून आणायचे, आणि ही मंडळी दह्याबरोबर सहा-सहा धपाटे खाऊन ढेकर देऊन जायची. "वहिनींच्या हाताला चव आहे," म्हणायची. वीस वर्षं! हे गेल्यावर त्यांतला एकही रविवारी जिना चढला नाही. बाईमाणूस एकटं आहे, जाणं बरं दिसत नाही, असं म्हणे. बायकांना घेऊन येता आलं असतं. फोन करता आला असता. मी ज्यांना वाढलं त्यांना माझी भूक दिसली नाही, हे मी लिहून ठेवणारच, कारण ते झालंय.

आणि मग श्रावणातल्या एका संध्याकाळी तुम्ही आलात.

हातात वाटी होती. स्टीलची, काठाला थोडी चेपलेली. मला वाटलं, आणखी काहीतरी आणलं असेल, आता "नको हो" म्हणायचं, मग तुम्ही "घ्या की ओ" म्हणायचं. पण वाटी रिकामी होती. तुम्ही म्हणालात, "वैनी, आमटी हाय का ओ? येसर आमटी? नातू लई मागं लागलाय, तुमच्या हातचीच पायजे म्हणतोय."

मी म्हटलं, केली नाही.

"मग करा की. बसते मी."

आणि खरोखर तुम्ही उंबऱ्याला पाठ टेकून बसलात. पिशवीतून सूप काढलंत, मांडीवर घेतलंत, कापलेली पानं, तंबाखू, दोरा, आणि वळायला लागलात. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हजार विड्यांचा हिशोब होता तुमचा, दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात द्यायच्या होत्या, त्यातला तास तुम्ही माझ्या उंबऱ्यात घालवलात.

मी काय करणार? दारात बसलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची सवय नाही. येसराचा डबा फळीवर मागं गेला होता, त्याला जाळं लागलं होतं. कांदा-खोबरं भाजलं, लसूण ठेचला. त्या वासानं आधी मला रडूच आलं, तुम्ही वळत राहिलात. येसर पाण्यात कालवून सोडलं. आता येसर आमटी एका वाटीची करता येत नाही. ती आमच्याकडं लग्नाच्या पंगतीची आमटी, कितीही जपून करा, ते भाजलेलं पीठ उकळीला फुगतंच. पातेलंभर झाली. तुम्ही उठलात, वाटी पुढं केलीत, मी भरली. "बास बास," म्हणालात, पदरात धरून निघून गेलात. "वैनी, तुम्ही पण जेवा," असं एक अक्षर बोलला नाहीत.

पातेल्यात आमटी उरली होती. गरम होती. मी पीठ काढलं आणि एक भाकरी थापली.

आज एवढं बोलायला जमतंय, त्या रात्री कळलंही नव्हतं काय झालं ते. सगळे मला द्यायला येत होते. देणारा आला की घेणाऱ्यानं आपलं दुःख चेहऱ्यावर नीट मांडून बसावं लागतं, भांडं धुऊन परत करावं लागतं, उपकार ठेवावे लागतात. तुम्ही मागायला आलात. तेवढ्यानं मी पुन्हा चूल असलेली बाई झाले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला परत वाटी. "आज काय केलंय रातच्याला?" मग रोजच. कधी वाटी रिकामी, कधी तुमच्या घरचं काहीतरी घेऊन. तुमचं पच्ची पुलुसू पहिल्यांदा प्यायले ते उन्हाळ्यात. चिंचेचं पाणी न उकळता तसंच, वर कच्चा कांदा, विस्तवावर भाजलेली हिरवी मिरची चुरलेली, गुळाचा खडा. सोलापूरच्या मे महिन्यात दुसरं काही घशाखाली उतरत नाही तेव्हा हे उतरतं. अंबाडीवरून आपलं भांडण झालं ते आठवतं का? मी ज्वारीच्या कण्या घालून केली होती, तुम्ही चाखून म्हणालात, "पुंटीकूरेत कण्या कशाला ओ? आंबट मरतंय की." आणि दुसऱ्या दिवशी तुमची आणलीत, नुसती हिरवी मिरची आणि लसणाची भरपूर फोडणी. मी म्हटलं, ही फार आंबट. त्या भांडणात मी मोठ्यानं बोलले, हे माझ्या लक्षात आलं ते तुम्ही गेल्यावर. कितीतरी दिवसांनी या घरात कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं.

शेंगाचटणी मात्र तुम्ही माझी मान्य केलीत. खलबत्त्यात कुटायची, मिक्सरला हात लावायचा नाही, दाण्याला तेल सुटेपर्यंत थांबायचं. आणि भाकरी. तुमच्या घरी रात्री भात, तरी तुम्ही म्हणायच्या, मालदांडीची असली तर अर्धी द्या. हे असते तर खूश झाले असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं होतं, जणू शेत यांचंच. तुम्हालाही सांगितलं असणार. तुम्ही म्हणालात, "सांगितलं होतं ओ, तीनदा." आपण दोघी तेव्हा हसलो. त्यांचं नाव निघून मी हसले, असं ते पहिल्यांदा झालं.

संक्रांतीचं लिहावं की नाही, ठरत नव्हतं. लिहिते. एकीकडं सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज निघालेले, सगळं शहर रस्त्यावर, आणि गल्लीत घरोघरी हळदीकुंकू. जिथं मी दरवर्षी तिळाच्या वड्या करून द्यायची, तिथलंही बोलावणं आलं नाही. खिडकीतून नव्या साड्या दिसत होत्या. कुणी वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही, पण आठवण ठेवून टाळलं, एवढं नक्की. आणि मला आठवली ती नवरात्राच्या आधीपासून चालणारी तुमची बतुकम्मा, तुम्हा तेलुगू बायकांचा फुलांचा सण. झेंडूच्या फुलांचे थर लावताना तुम्ही मला हाताला धरून परातीशी बसवलं होतंत. शेवटच्या दिवशीचा सद्दुलांचा भात पानावर मांडून दिला होतात, दह्याचा, चिंचेचा, तिळाचा, खोबऱ्याचा. कुणीतरी तेलुगूत काहीतरी कुजबुजलं. तुम्ही काय उत्तर दिलंत मला कळलं नाही, पण ती बाई गप्प झाली. नंतर विचारलं तर म्हणालात, "काय नाय ओ, मीठ कमी हाय म्हणत होती."

तुम्ही स्वतः यातून गेलात हे मला माहीत होतं, पण कसं गेलात हे तुम्ही एकदाच बोललात, तेही भांडी विसळताना. मालक गेले तेव्हा मुलं लहान, पान-तंबाखू आणायचं, रात्र रात्र विड्या वळायच्या. "मुलांना भात घालायची न् मी चहा-बटर खायची. वरीसभर. कुणाला कळलं नाय." तेवढंच. मग मला कळलं की माझ्या कचऱ्याच्या डब्यातले बिस्किटांचे रिकामे पुडे तुम्हाला का दिसले. सगळी गल्ली त्या डब्याशेजारून जात होती.

विडी कामगार बायकांची १०,००० घरं २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला झाली, त्यात तुमच्या बहिणीला एक मिळालं. तिकडं राहायला ये म्हणून ती तुमच्या मागं लागते. तुम्ही दरवेळी "गल्ली सोडवत नाय" म्हणता. माझ्या स्वार्थासाठी मी देवाला हात जोडते की ते तसंच राहो.

आता ती गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी सगळे गेले, तुमची नात माझ्याजवळ बसली होती. मी तिला म्हटलं, दादाला सांग, उद्या त्याच्यासाठी येसर आमटी करते, वर्षभर त्यानं किती आवडीनं खाल्ली. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "काकू, दादा आमटी खातच नाही. त्याला चारू लागतं, चिंचेचं पातळ सार. घरात कुणीच खात नाही. नानम्मा एकटीच खायची. पहिल्यांदा तर पोटात जळजळ झाली तिच्या, येसर सोसत नाही तिला. तरी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन निघाली."

अक्का, मला खरंच काही सुचलं नाही. पदर तोंडात धरून मी आत गेले. वर्षभर, रोज, न सोसणारी आमटी, एका न मागणाऱ्या नातवाच्या नावानं! आणि मी तुम्हाला विचारायची, नातवाला आवडली का? आणि तुम्ही म्हणायच्या, "वाटी चाटून पुसून ठेवली ओ."

माणसं चांगली असतात यावरचा माझा विश्वास त्या रविवारच्या दोस्तांनी पार काढून घेतला होता. चांगुलपणाचे मोठे शब्द मी आयुष्यभर ऐकले. कीर्तनात ऐकले, सभांमध्ये ऐकले. तो चेपक्या काठाच्या वाटीत मावतो, त्याला दुसऱ्याच्या घरची न पचणारी आमटी रोज गिळावी लागते, आणि वर तो ते कुणाला सांगत नाही, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. नात बोलली नसती तर कळलंही नसतं. तिला रागावू नका. तिनं मला फार मोठी गोष्ट दिली.

तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही "काय ओ वैनी" म्हणून हात झटकून उठता. म्हणून लिहून मानते. गल्लीतल्या सगळ्यांनी वाचावं. त्या रविवारच्या पाहुण्यांनीही वाचावं. मला "खंबीर" म्हणणाऱ्यांनी तर वाचावंच.

येसर आमटी आता बंद. उद्यापासून तुमच्यासाठी मुगाची, साधी, बिनतिखटाची.

आणि आज मी काहीही केलेलं नाही. साडेसातला वाटी घेऊन मी येणार आहे. तुमच्या उंबऱ्यात बसेन, तुमचं होईपर्यंत. चारू करा, अक्का, भरपूर लसूण घालून. मला भूक लागलीय.

तुमची,
गिरणीवरच्या वैनी