डिकीत आडवे झालेल्या मिस्त्रीकाकांना

काकांना सा. न. वि. वि.

हे पत्र गाळ्यावर येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते न वाचताच शर्टाच्या खिशात ठेवलं असतंत आणि पोऱ्याला चहा सांगितला असतात. शिवाय तुम्ही जे केलंत ते जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे टप मागपर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी, सांभाळणाऱ्या सगळ्यांना कळायला हवं. टाटा इस्टेट असो, इंडिगो मरीना असो, नाहीतर कुणी जिवापाड जपलेली अ‍ॅम्बेसेडरची लांब डिकीवाली असो. म्हणून उघड लिहितेय.

हे आभार तुम्ही डिकीत आडवे झालात त्याबद्दल आहेत. बाकीच्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेत. त्या आडवं होण्याचं काहीच लावलं नाहीत, आणि अख्ख्या दुरुस्तीत खरं काम तेच होतं.

माझ्या टाटा इस्टेटची तक्रार एवढीच होती की मागच्या सीटवर धुराचा वास येतो. डोकं दुखतं, मुलांना मळमळतं. तुमच्या आधी ज्या गॅरेजात गाडी होती, तिथे वासाचं नाव ऐकताच बॉनेट उघडलं गेलं. चारही नोझल बदलले. डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. सायलेन्सर नवा टाकला. वास होता तसाच. शेवटी "जुनं डिझेल इंजिन आहे, वास येणारच, विकून टाका" हा सल्ला मिळाला, आणि त्याचेही पैसे बिलात कुठेतरी असणार. इतक्या दिवसांत तिथल्या एकानेही मागचं दार बंद करून मागे बसून पाहिलं नव्हतं.

तुम्ही बॉनेटला हातच लावला नाहीत. मागची सीट पाडलीत, गोणपाट अंथरलंत आणि डिकीत उताणे झालात. पोऱ्याला सांगितलंत, काचा बंद ठेव आणि ताशी 40 च्या पुढे जाऊ नकोस. कुर्ल्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरपर्यंत जाऊन परत. मग दुसरी फेरी, या वेळी पुढच्या दोन्ही काचा चार-चार बोटं खाली. मे महिना, वर तापलेला पत्रा, आणि तुमचं वय. परत आलात तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. नाकावर बोट ठेवून म्हणालात, "काचा उघडल्यावर जास्त येतो. इंजिनाचा नाही, मागून ओढला जातोय."

तुमच्या या एका वाक्यामागे स्टेशन वॅगनचं सगळं शास्त्र आहे. टपावरून वेगाने आलेली हवा मागच्या उभ्या काचेपाशी एकदम सुटते आणि तिथे कमी दाबाची पोकळी तयार होते. सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत घोटाळत राहतो. वॅगनची मागची काच सेदानपेक्षा लवकर काळी होते, तीही याचमुळे. आता डिकीच्या दाराचं बिडिंग, म्हणजे कडेने फिरणारं रबर, कुठे सुटलेलं असेल आणि पुढची काच उघडी असेल, तर पुढून आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला मागच्या फटीतून धूर आत येतो. डिझेलच्या धुराला निदान वास असतो. पेट्रोलच्या वॅगनमध्ये कार्बन मोनॉक्साइड जास्त, आणि त्याला ना रंग ना वास. पेट्रोलवाल्यांनी तर यात हयगय करूच नये.

मग तुम्ही खडू काढलात. शाळेचा, पांढरा. बिडिंगच्या पूर्ण कडेवर तो घासलात, दार एकदाच बंद केलंत आणि उघडलंत. पत्र्यावर पांढरी रेघ उमटली होती, वरून सरळ, उजवीकडून सरळ, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात चार बोटं रेघच नाही. तिथे तुम्ही अंगठ्याच्या नखाने खूण केलीत आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलंत. खात्रीसाठी दहाची नोट दारात अडकवून वीत-वीत अंतरावर ओढून पाहिलीत. सगळीकडे अडली, त्या कोपऱ्यात अलगद सुटून आली.

बिडिंग बदललं की झालं, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या कोपऱ्यात रबर दबत का नव्हतं? बिजागरीच्या पिना झिजून दार डावीकडे उतरलं होतं. तुम्ही आधी पिना बदलल्या, मग बिजागरीखाली पातळ वॉशर घालून दार वर आणलंत, मग लॉकचा हूक दोन मिलिमीटर आत घेतलात आणि शेवटी रबर लावलंत. हाच क्रम उलटा केला तर नवं रबरही वर्षभरात एका बाजूने चपटं होतं. रबर लावताना ते ओढून बसवू नका, हे तुम्ही पोऱ्याला दोनदा सांगितलंत. ओढलेलं रबर महिनाभरात आखडतं आणि सांध्यात फट पडते. म्हणून बोटभर जास्त कापायचं आणि दाबत दाबत बसवायचं. सांधा खाली मधोमध घ्यायचा, वर कधीच नाही, कारण वरच्या सांध्यातून पावसाचं पाणी थेट अस्तरात उतरतं.

डिकीचं दार उचलून धरणारे दोन्ही गॅस शॉकर एकदम बदललेत, एक नाही. एकच नवा घातला की दार पिळतं आणि बिजागरी पुन्हा खायला लागते. मूळ मापाचे मिळत नाहीत, तेव्हा सीएसटी रोडवरून दुसऱ्या गाडीचे आणताना तुम्ही तीन आकडे जुळवलेत: उघडल्यावरची पूर्ण लांबी, दांड्याची चाल आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा. दार बंद असताना दांडा खालच्या अंगाला राहील असे बसवलेत, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं आणि गॅस टिकतो.

दाराची वायरही तिथेच सापडली. मागचा वायपर चालत नव्हता म्हणून आधीच्या गॅरेजने मोटर बदलायला सांगितली होती. तुम्ही बॉडी आणि दार यांच्यामधली रबराची नळी मागे सारलीत, आत सातातल्या तीन वायर तुटलेल्या. दार उघडझाप करताना वायर रोज त्याच जागी वाकते, इन्सुलेशन कडक होतं आणि तांबं तुटतं. कुठल्याही वॅगनचा वायपर, काच तापवायची जाळी किंवा नंबर प्लेटचा दिवा गेला तर आधी ही नळी उघडावी, मोटरला नंतर हात लावावा. तुम्ही मऊ, बारीक तारांची वायर घातलीत, प्रत्येक जोड वेगळ्या उंचीवर घेतलात म्हणजे नळीत गाठ होत नाही, आणि अर्थिंगची वायर वेगळी ओढलीत.

गंजाबद्दल लिहिताना मात्र राग येतो. डाव्या चाकाच्या कमानीमागचा पत्रा आधीच्या लोकांनी लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केला होता आणि खालून डांबराचा जाड थर मारला होता. त्या थरात पाणी निघायची भोकं बुजली. मुंबईच्या पावसाचे चार महिने, आत साठलेलं पाणी, बाहेरून चकाचक रंग. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने टोचलंत तर तो मुठीपर्यंत आत गेला. सायकलच्या जुन्या आऱ्याने भोकं मोकळी केलीत तेव्हा तांबडं पाणी वाटीभर निघालं. सडलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडलात, वर इपॉक्सी प्रायमर, मग सीलंट, मग रंग, आणि आतल्या पोकळीत मेण. डिकीतली फुगलेली भुश्याची फळी काढून आयएस 710 च्या मरीन प्लायची घातलीत आणि तिच्या कापलेल्या कडाही रंगवल्यात. पाणी कडेतूनच शिरतं हे कितीजण लक्षात ठेवतात!

जे केलं नाहीत त्याबद्दलही आभार. पुढच्या काळातलं टर्बो इंजिन बसवून देतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. 1948 सीसी आणि 68 अश्वशक्तीच्या या गाडीला ते मोहात पाडणारं आहे खरं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. रेडिएटर, क्लच, ब्रेक सगळं त्या मापाचं करावं लागेल, आणि आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर इंजिन चढवलं नाही तर पुढच्या पासिंगला गाडी अडकेल. त्याऐवजी हेडलाइटला दोन रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, घातलेत. जुन्या गाड्यांत दोन्ही दिव्यांचा नऊ-दहा अँपिअरचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतं आणि उजेड पिवळा होतो. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेला, स्विचने फक्त रिले ओढायचा. बल्ब तेच, 60/55 वॅटचे. रस्ता आता दिसतो.

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा अख्खी मुंबई हळहळली, आणि ते योग्यच होतं. ती इथे कुर्ल्यातच घडलेली. 1992 साली पिंपरीहून आलेल्या इस्टेटसाठी कुणी हळहळलं नाही. आपल्याच जुन्या सिएराचं नाव टाटांनी नव्या गाडीला परत दिलं, इस्टेटचं दिलं नाही. 50 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय व्हिंटेजची नोंदणी मिळत नाही, म्हणजे सर्वांत जुन्या इस्टेटलाही 2042 पर्यंत थांबावं लागेल. तोवर दर पाच वर्षांनी पासिंग, हरित कर, आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मागच्या रांगेतली जागा. अशा गाडीसाठी तुम्ही आडवे झालात. समोर कुठली गाडी आहे, तिची बाजारात किंमत काय, हे न बघता माणसाला काय त्रास होतोय ते आधी बघणारी माणसं या शहरात अजून गाळ्यागाळ्यांत बसलेली आहेत. त्यांच्या दुकानावर पाटी नसते, म्हणून आपण त्यांना ओलांडून चकचकीत काचेच्या दारात शिरतो.

प्रदर्शनाला नेताना काय करायचं ते तुम्ही सांगितलंत तसंच केलं. टायरला तेलकट पॉलिश नाही. डिकी पूर्ण उघडी, सीट पाडलेली, फळी उचलून स्टेपनी, जॅक आणि पान्यांची मूळ पिशवी दिसेल अशी. लोक बॉनेटपाशी क्षणभर थांबले आणि डिकीपाशी बराच वेळ. एका आजोबांनी बिडिंगवरून बोट फिरवलं आणि कोणी बसवलं ते विचारलं. तुमच्या गाळ्याचा रस्ता मी त्यांना कागदावर काढून दिला आहे, ते येतील.

नवं रबर पहिल्या काही महिन्यांत बसतं आणि हूक पुन्हा थोडा आत घ्यावा लागतो, असं तुम्ही म्हणाला होतात. पावसाच्या आधी गाडी आणते. खडू माझ्याकडे आहे.

आपली,
इस्टेटवाली