बाइकचं पहिलं ऑइल आणि कारचं पहिलं ऑइल, दोन्हीचा हिशोब वेगळा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नव्या गाडीची काळजी कशी घ्यावी यावर लेख आला होता. लेख चांगला होता, इन्शुरन्सचा भाग तर मी कापून ठेवलाय, पण रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवायचा, विषय त्यात एका वाक्यात उडवून लावलाय, की हल्लीच्या इंजिनांना त्याची गरज राहिलेली नाही. कारवाल्याने हे वाचलं तर फारसं बिघडत नाही हो, पण आपल्याकडे कारपेक्षा बाइक-स्कूटर कितीतरी जास्त खपतात, त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि दसऱ्याला आमच्या सोसायटीत हार घातलेल्या गाड्यांना पार्किंग पुरेना. त्यातल्या कुणी हे वाक्य मनावर घेऊन पहिलं ऑइल बदलणं लांबवलं तर काय, म्हणून लिहितोय.

मी भोसरीत मशीन शॉपला होतो, बरीच वर्षं सिलिंडरच्या होनिंगवर, म्हणजे त्याची आतली भिंत घासून मापात आणायच्या कामावर. लोकांना वाटतं बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी, आतून काचेसारखा गुळगुळीत असतो, तसा तो नसतो आणि असूनही चालत नाही. होनिंगचे दगड फिरवून आत मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात, क्रॉस-हॅच म्हणतात त्याला. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा वर-खाली होताना त्या रेघांची वरची टोकं घासून स्वतःची बैठक करून घेतात. पूर्वी हे घासायचं काम बरंचसं गिऱ्हाइकावरच सोडलेलं असायचं, म्हणून जुन्या बुलेटला चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नका असं बजावून सांगायचे. आता प्लॅटू होनिंग करतात, म्हणजे ती टोकं कारखान्यातच खाली आणलेली असतात, मापंही पूर्वीपेक्षा फार काटेकोर असतात. तेवढ्यापुरतं तुमच्या लेखकाचं बरोबर आहे. पण काम कमी झालंय, संपलेलं नाही. रिंगा शेवटी त्याच बोअरमध्ये, त्याच आगीत बसतात, आणि बसताना जो धातूचा चुरा निघतो तो जातो ऑइलमध्ये.

आता इथे बाइक आणि कार वेगळ्या होतात, आणि हेच लेखात यायला पाहिजे होतं. कारमध्ये ऑइल तीन-चार लिटर, त्याला चांगला कागदी फिल्टर, आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. म्हणून बऱ्याच पेट्रोल कारना हजार किलोमीटरला नुसती तपासणी असते आणि ऑइल थेट दहा हजारला किंवा वर्षाने बदलतात, ते ठीकच आहे. बाइकला जेमतेम लिटरभर ऑइल, आणि त्याच लिटरभरात इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघंही आंघोळ करतात (जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असायचा, ते सोडा). म्हणजे रिंगांचा चुरा, नव्या गिअरच्या दातांचा चुरा, क्लच प्लेटची भुकटी, सगळं एकाच भांड्यात. त्यात आपल्याकडच्या शंभर-एकशेदहा सीसीच्या बऱ्याच गाड्यांना कागदी फिल्टर नसतोच, तारेची जाळी असते आणि कुठे एखादा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे ऑइल गरगर फिरवून कचरा बाजूला टाकणारा, फिल्टर. जाळीतून बारीक चुरा आरामात जातो. स्कूटरचं गिअर ऑइल वेगळं असतं हे खरं पण इंजिनात ऑइल लिटरभरसुद्धा नसतं. म्हणून कंपनी पाचशे, साडेसातशे किंवा हजार किलोमीटरला, नाहीतर महिना-दोन महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा पहिली सर्विसिंग सांगते आणि त्यात ऑइल बदलायला लावते. ते ‘जे आधी होईल तेव्हा’ लोक वाचत नाहीत, कामावर जाऊन-येऊन महिन्यात तीनशेच किलोमीटर झाले की म्हणतात अजून वेळ आहे.

उलट्या टोकाचेही आहेत. आमच्या भाच्याने यूट्यूब बघून पन्नासला एकदा, दोनशेला एकदा, पाचशेला एकदा ऑइल काढायचं ठरवलं होतं. इंजिनाला तोटा काही नाही, फक्त पैसे जातात आणि ते काळं ऑइल बहुतेक ठिकाणी गटारात जातं, वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं हे गॅरेजवाल्यांना कोण सांगणार. कंपनीने सांगितलेल्या वेळी एकदा बदला, पुरे. आणि कारचं महागडं ऑइल उरलंय म्हणून बाइकमध्ये ओतू नका, त्यातल्या घसरणीच्या रसायनांनी ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला, क्लच स्लिप होऊ शकतो, डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण बघून घ्या.

चालवायचं कसं यावर पण दोन पक्ष आहेत. एक म्हणतो चाळीसच्या वर नको, दुसरा म्हणतो पहिल्या दिवसापासून पिळा. मला दोन्ही पटत नाहीत. रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला थोडीच टेकते, खरा दाब येतो तो पेटलेला गॅस रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो त्याने, आणि तो दाब इंजिनावर लोड आल्याशिवाय येत नाही. म्हणजे नवी गाडी सारखी स्टॅन्डवर लावून चालू ठेवायची किंवा नुसती गोगलगायीसारखी चालवायची, तर रिंगा नीट बसत नाहीत, बोअरला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा गुळगुळीतपणा, येऊ शकतो आणि मग ती गाडी पुढे ऑइल खाते. पण काटा पार लाल पट्ट्यात जाईपर्यंत रेस केली तर घासणाऱ्या जागा तापतात, ऑइलचा थर तुटतो, ओरखडे पडतात. तेव्हा वेग बदलता ठेवा, मधूनमधून जरा जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. नवी गाडी घेतली की पुण्यातले लोक जेजुरीला जातात ना, ते या हिशोबाने उत्तमच, दिवे घाटात चढ येतो, पुढे मोकळा रस्ता येतो, सासवडला गर्दी लागते. फक्त घाटात मागे माणूस बसवून टॉप गिअरमध्ये गाडी धडधडवत नेऊ नका, गिअर खाली टाका, धडधडण्याने नवीन बेअरिंगचं जास्त नुकसान होतं. कार घेऊन थेट एक्सप्रेसवेला जाणाऱ्यांचंही तसंच, शंभरच्या मर्यादेत असलात तरी तासभर एकाच वेगाला ॲक्सिलरेटर धरून ठेवू नका एवढंच.

ब्रेकचे पॅड आणि टायर यांनाही सुरुवातीचे शे-दोनशे किलोमीटर लागतात, नवा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो, इलेक्ट्रिकवाल्यांनीसुद्धा हे लक्षात ठेवा, तुम्हाला इंजिन ऑइलची भानगड नाही पण टायर आहेतच.

शोरूममध्ये यातलं काही कुणी सांगत नाही. डिलिव्हरीच्या वेळी टेफ्लॉन कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, सीट कव्हर यावर अर्धा तास बोलतात, पेढा देतात, फोटो काढतात, आणि मॅन्युअल प्लॅस्टिकमध्ये तसंच डिकीत, त्यातून बहुतेक वेळा इंग्रजीत. पहिल्या सर्विसिंगलाही एका ठिकाणी माझ्या शेजाऱ्यांच्या स्कूटरचं बिल ऑइलचं लावलं आणि घरी येऊन कांडी बघितली तर ऑइल काळंच. फ्री सर्विसिंगमध्ये मजुरी फ्री असते, ऑइलचे पैसे आपणच देतो, मग ते आपल्यासमोर काढायला सांगायला लाजायचं कशाला? जाळी काढून दाखवा म्हणावं.

तुमच्या लेखकांना विनंती की पुढच्या पुरवणीत जमलं तर दुचाकी आणि कारचं वेगवेगळं छापा, आणि पहिल्या सर्विसिंगची तारीख चुकली तर वॉरंटीवर काय परिणाम होतो तेही कंपन्यांना विचारून द्या.

आपला,
एक जुना वाचक, भोसरी