फ्लेमिंगोंच्या आधी येणाऱ्यांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी थंडीत तुमच्या पेपरात ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा मोठा फोटो येतो, आमच्या घरी सगळे आवडीने बघतात, पण त्याच खाडीत सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच जे छोटे वेडर, म्हणजे चिखलात नि उथळ पाण्यात चालत खाणारे पक्षी येऊन राहतात त्यांच्याबद्दल कधी एक ओळ वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझी भाची भांडुपच्या मिठागरांकडे गेलो होतो. सकाळी आठला पाणी उतरलेलं, चिखल लांबपर्यंत उघडा आणि पक्षी इतके दूर की दुर्बिणीतून नुसते हलणारे ठिपके. त्यात ऑक्टोबरचं ऊन, भाची कंटाळून घरी जाऊया म्हणायला लागली. तिला म्हटलं थांब गं, आज उधाणाची भरती आहे. साडेअकराच्या सुमाराला पाणी तिवरांत शिरलं, चिखल दिसेनासा झाला आणि थवेच्या थवे उठून आमच्या डोक्यावरून मिठागरात उतरले. लाल पायांचे शेकाटे, लांब चोचीचे गॉडविट, आणि बांधाच्या कडेने तुरुतुरु पळणारे स्टिंट. एक गॉडविट तर अगदी समोर, एका पायावर उभा, ती लांब चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला, वारा आला की जरासा डुलायचा आणि मधेच एक डोळा उघडून आमच्याकडे बघायचा.

स्टिंट म्हणजे केवढा, तर दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर घ्या, साधारण तेवढं वजन. हा सैबेरियाकडच्या टुंड्रातून येतो, आणि वयाने मोठे पक्षी आधी निघतात, त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मागून येतात, वाट दाखवायला आईबाप नसतात. हे ऐकल्यावर भाची घरी जायचं विसरलीच.

आता मुद्दा. खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, खूप आनंद आहे. पण या पक्ष्यांना ओहोटीला खायला चिखल लागतो तशी भरतीचे चार-पाच तास बसायला उथळ पाण्याची मोकळी जागा पण लागते, आणि ती म्हणजे मिठागरं. ती बुजली तर खाडी कितीही राखली तरी भरतीला हे बसणार कुठे? नुसतेच उडत राहणार आणि हजारो किलोमीटर येऊन उरलेली ताकद त्यातच घालवणार. आम्ही होतो तेवढ्यात दोन मुलं रीलसाठी टाळ्या वाजवत बांधावर धावली, सगळा थवा उठला, पुन्हा बसायला वीस मिनिटं लागली. आणि रस्त्याच्या कडेला राबिटचे, म्हणजे बांधकामाच्या कचऱ्याचे ताजे ढीग, त्याखाली एका डबक्याचा अर्धा भाग गेलेला, फार वाईट वाटलं.

मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायच्या बातम्या तुम्ही देताच. त्या बातमीत कृपया एवढंही विचारा की भरतीला तिथे कोणते पक्षी किती बसतात ते कोणी मोजलं का. राबिट टाकणाऱ्या गाड्या रात्री कुठून येतात तेही शोधा. आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारच्या भरतीआधी तासभर, तुमचा फोटोग्राफर तिकडे पाठवा.

आपला,
मुलुंडचा एक जुना वाचक