रिस्टार्टच्या आधी लॉग जपा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेरणीच्या तोंडावर पीककर्जाची कामे जोरात असताना तालुक्याच्या गावातील पतसंस्था किंवा सहकारी बँकेची शाखा एकाएकी ठप्प होते आणि दारावर ‘सर्व्हर बंद आहे’ असा कागद लागतो, हे विदर्भातील वाचकांना नवे नाही. वीज गेली असेल किंवा नेटची लाईन तुटली असेल असे आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु यवतमाळ-वाशीमकडच्या अशा छोट्या संस्थांच्या संगणकांची देखभाल करताना मला अलीकडे अधूनमधून वेगळेच कारण दिसू लागले आहे. संगणकांच्या रक्षणासाठी बसवलेली स्वयंचलित सुरक्षा प्रणालीच कधी चुकीचा निर्णय घेते, तर कधी मध्येच अडकून पडते. दोष नेमका कुठे आहे हे सांगणारा भरवशाचा पुरावा अशा वेळी प्रणालीच्या लॉगमध्ये, म्हणजे तिने आपल्या प्रत्येक कामाच्या आपोआप लिहिलेल्या नोंदींमध्ये, असतो, आणि तोच आपल्याकडे सर्रास गमावला जातो.

फायरवॉल (नेटवरून येणारी-जाणारी माहिती तपासून अडवणारा पहारा), अँटीव्हायरस, ईमेल आणि लॉगिनच्या नोंदी यांच्याकडून येणारे इशारे ही प्रणाली एका ठिकाणी गोळा करते आणि आधी ठरवून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे, ज्यांना या व्यवसायात प्लेबुक म्हणतात, स्वतःच कारवाई करते. संशयित आयपी पत्ता (नेटवरील संगणकाचा क्रमांक) अडवणे, कर्मचाऱ्याचे खाते गोठवणे, एखादा संगणक नेटवर्कपासून तोडणे ही तिची नेहमीची कामे. ती निरर्थक आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी स्तरनिहाय सायबर सुरक्षा चौकट आणली, हे पाहता अशा साधनांची गरज कुणी नाकारणार नाही. मात्र राखणदार स्वतः चुकू शकतो, हेही १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते.

आपल्याकडे बिघाड झाला की शाखेचा लिपिक असो वा सोसायटीचा गटसचिव, त्याला फोनवरून मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: बंद करून पुन्हा चालू करा. बरेचदा तेवढ्याने काम सुरूही होते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण त्या क्षणी कोणत्या प्रक्रिया चालू होत्या, कोणाशी जोडणी होती, रांगेत कोणते इशारे अडकले होते, ही मेमरीत असलेली माहिती कायमची जाते. काही लिनक्स सर्व्हरवर तर प्रणालीची रोजनिशीच डिस्कवर न लिहिता मेमरीत ठेवलेली असते, म्हणजे रिस्टार्टबरोबर तीही गेली. विंडोजच्या नोंदी डिस्कवर राहतात, परंतु सुरक्षेच्या नोंदींची मूळ मर्यादा २० एमबी इतकीच असते आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. गारपिटीनंतर तलाठ्याचा पंचनामा होण्याआधीच शेतात वखर फिरवावा आणि मग नुकसानभरपाई मागायला जावे, तसा हा प्रकार आहे.

लॉग गोळा करायचे म्हणजे एखादी फाइल उचलून पाठवायची, असाही समज आहे. प्रत्यक्षात एकाच घटनेचा माग अनेक ठिकाणी काढावा लागतो. इशारा प्रणालीत केव्हा शिरला, प्लेबुकने काय ठरवले, हुकूम केव्हा सुटला, तो फायरवॉलपर्यंत पोहोचला का, आणि त्या वेळी खालच्या विंडोज किंवा लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमची अवस्था काय होती, हे सगळे शेजारी शेजारी ठेवून वाचले तरच उलगडा होतो. एका पतसंस्थेत रोखपालाचे खाते प्रणालीने संशयावरून गोठवले होते आणि शहानिशा झाल्यावरही ते खुले होत नव्हते. सुरक्षा प्रणालीचा पुरवठादार नेटला दोष देत होता, नेटवाला पुरवठादाराला, आणि बिचाऱ्या रोखपालाकडे संचालक मंडळ संशयाने पाहू लागले होते. शेवटी उत्तर सुरक्षा प्रणालीच्या लॉगमध्ये सापडलेच नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॉगमधील एका ओळीत होते, ज्यात डिस्कवर जागा शिल्लक नसल्याची नोंद होती. जुन्या कुठल्यातरी तक्रारीच्या वेळी पुरवठादाराच्या माणसाने बारीकसारीक तपशील लिहिणारी डीबग पातळी चालू केली होती आणि ती तशीच सोडून दिली होती. त्या नोंदींनी डिस्क भरली, डेटाबेसला लिहिता येईना, आणि खाते गोठवण्याची पायरी पार पडलेले प्लेबुक ते खुले करण्याच्या पायरीवर पोहोचलेच नाही. डीबग पातळी दोष पुन्हा घडवून पाहण्यापुरती चालू करायची आणि काम होताच मूळ पातळीवर आणायची असते, एवढी साधी शिस्त पाळली असती तर एका माणसाची बदनामी टळली असती.

वेळेचा घोळ तर याहून अधिक होतो, कारण अनेक प्रणाली आपल्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सकाळी साडेदहाला शाखा उघडल्यावर केलेले लॉगिन लॉगमध्ये पहाटे पाचचे दिसते आणि मग पहाटे कार्यालयात कोण होते, याची चौकशी थेट रात्रीच्या चौकीदारापर्यंत जाते. त्यात जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरील छोटा सेल संपलेला असला, की भारनियमनानंतर संगणक सुरू होताना त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. अशा संगणकाला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध वाटतात, आणि विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरवरून लॉगिन तपासल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, तर घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी लॉगिन नाकारले जाते. हे सगळे प्रकार सुरक्षा प्रणालीला हल्ल्यासारखे भासू शकतात. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले आहे; ते पाळले तर असा घोळ बराच टळतो. तो सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो.

गोळा केलेले लॉग पाठवण्याचीही एक रीत असते. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला तिरपा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून कोणत्याही तंत्रज्ञाला निदान करता येत नाही. दुसऱ्या टोकाला, लॉगचा संपूर्ण गठ्ठा शेकडो एमबींचा होतो आणि आपल्याकडील नेटवर तो अपलोड होताना मध्येच तुटतो. म्हणून घटनेच्या आधीचा व नंतरचा मोजका काळ निवडून तेवढेच लॉग घ्यावेत आणि फाइल आवळून (झिप करून) पाठवावी. पाठवण्याआधी ती उघडून पाहणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण लॉगमध्ये खातेदारांचे मोबाईल क्रमांक, कधी आधार क्रमांक, तर कधी प्रणालींनी एकमेकींशी बोलण्यासाठी वापरलेल्या गुप्त किल्ल्या उघड्या पडलेल्या असतात. त्या झाकूनच फाइल बाहेर जावी, मूळ प्रत संस्थेकडे जशीच्या तशी राहावी आणि तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहून ठेवावे. प्रकरण पोलिसांत गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हे मूल्य नमूद करायचे असते.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळून ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. निर्देश दिल्लीत निघतात. ते पाळायची वेळ येते तेव्हा दिग्रस किंवा मंगरूळपीरच्या शाखेतील माणसाला लॉग कुठे असतात हेच ठाऊक नसते, आणि काही करारांत तर लॉग पाहण्याचा अधिकारसुद्धा पुरवठादाराने स्वतःकडे ठेवलेला असतो. ज्या संस्थेने पैसे मोजले, तिलाच आपल्या दारातील नोंदवही वाचता येऊ नये, ही अट मान्य करणाऱ्या संचालकांना काय म्हणावे हे मला कळत नाही.

जिल्हा उपनिबंधक कार्यालयांना माझी विनंती आहे की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात रोकड मोजली जाते तशी लॉगचीही तपासणी व्हावी: ते किती दिवसांचे आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत आणि करारात त्यांवर हक्क कुणाचा लिहिला आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक शाखेच्या मुलांकडून बिघडलेल्या प्रणालीचे लॉग प्रत्यक्ष गोळा करवून घेतले, तर तालुक्यातच हे काम जाणणारी माणसे तयार होतील आणि प्रत्येक वेळी नागपूरहून अभियंता येण्याची वाट पाहावी लागणार नाही. तोवर संस्थांनी मे महिन्यातच, कर्जवाटपाची गर्दी सुरू होण्याआधी, कोणताही बिघाड नसताना एकदा लॉग काढून पुरवठादाराकडे पाठवून पाहावेत आणि फाइल उघडली का, वेळ जुळली का, गुप्त माहिती झाकली गेली का, याचे लेखी उत्तर त्याच्याकडून घ्यावे.

आपला नम्र,
एक संगणक देखभाल तंत्रज्ञ,
ता. दिग्रस, जि. यवतमाळ