नाना, तुमच्या खतावणीमुळे आपला महोत्सव उभा आहे

नाना, सा. न.

परवा तुम्ही पुण्याला लेकीकडे जायचं म्हणून महोत्सवाच्या हिशेबाच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या, "मोजून घे, तीन आहेत" म्हणालात आणि चपला घालून निघालात पण. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही, घसाच भरून आला होता. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. कारण आपल्या लोकसंगीत महोत्सवाला येणाऱ्या लोकांनी गोंधळी पाहिलेत, भारूडवाले पाहिलेत, माईक घेऊन निवेदन करणारी मी पाहिलेय, पण तुम्हाला फार थोड्यांनी पाहिलंय. तुम्ही कायम स्टेजच्या मागच्या वर्गखोलीत, ट्यूबलाइटखाली, ती हिरवी लोखंडी पेटी आणि लिफाफे घेऊन बसलेले. बारा महोत्सव झाले आपले आणि तुम्ही एकही पूर्ण ऐकला नाहीत, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

2012 चा जानेवारी आठवतो का? संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही सहा जण, सगळे तिशीच्या आतबाहेरचे, डोक्यात एकच की आपल्या मराठवाड्यातला गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळी, हलगी हे सगळं आता लग्नाच्या नाहीतर जागरणाच्या घरापुरतं उरत चाललंय, ते गावाच्या मधोमध, सगळ्यांनी एकत्र बसून, तिकीट न लावता ऐकायला मिळालं पाहिजे. इच्छा खरी होती, गर्दी पण झाली, पैशाचं गणित मात्र कुणीच केलं नव्हतं. दुसऱ्या रात्री कार्यक्रम संपला तेव्हा डब्यात 11 हजार होते आणि देणं होतं 64 हजार. मंडपवाला समोर उभा होता म्हणून ते 11 मधले सात त्याला गेले, आणि गोंधळी आजोबांना, ज्यांच्याशी चौघांचे मिळून आठ हजार ठरले होते, त्यांना आम्ही चार दिले आणि बाकीचे नंतर देऊ म्हणालो. ते काहीच बोलले नाहीत. संबळाची जोडी फडक्यात बांधली, दिवटी पिशवीत ठेवली, आणि पहाटेच्या एसटीने गेले.

तुम्ही तेव्हा नुसते श्रोते होतात. बँकेतून हेड कॅशियर म्हणून रिटायर होऊन वर्षच झालं असेल. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत शाळेत आलात, मला वाटलं कुणाच्या ॲडमिशनचं काम असेल, तर तुम्ही विचारलं, "कुणाकुणाचे द्यायचे राहिलेत?" मी सांगायला लागले, मंडप, साउंड, छपाई... तुम्ही हात वर केलात. "कलावंताचे किती, ते आधी सांग."

रविवारी तुम्ही मला घेऊन एसटीने त्यांच्या गावी गेलात, चार हजार तुमच्या खिशातले. आजोबांनी चहा केला, पैसे घेतले, आणि पहिल्यांदा काय केलं तर नातवाला पाठवून साथीदारांना बोलवायला सांगितलं. तेव्हा कळलं की त्या रात्री मिळालेले चार हजार त्यांनी संबळ वाजवणाऱ्याला, तुणतुण्यावाल्याला आणि झील, म्हणजे मागून सूर, धरणाऱ्या पोराला वाटून टाकले होते आणि स्वतः रिकाम्या हाताने घरी आले होते. परत येताना तुम्ही बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होतात, तासभर एक शब्द नाही, आणि स्टँडवर उतरताना म्हणालात, पुढच्या वर्षी करायचा असेल तर हिशेब माझ्याकडे द्या, नसेल करायचा तर आत्ताच सांगा.

तेव्हापासून आपल्याकडे एकच पद्धत, आणि ती तुमची. स्टेजवर चढायच्या आधी लिफाफा. कार्यक्रम रंगो न रंगो, पाऊस येवो, लाईट जावो, पैसे आधी. आणि पार्टीच्या म्होरक्याला एक लिफाफा असं नाही, माणसागणिक वेगळा, माणसागणिक व्हाउचर. यावरून एक-दोन पार्टीवाले नाराज झाले होते, माझ्या माणसांना मी देतो की, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. तुम्ही त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलंत मला माहीत नाही पण पुढच्या वर्षी तेच म्होरके स्वतःहून सगळ्यांची नावं कागदावर लिहून घेऊन आले. पाच हजारांच्या वर रक्कम असली की एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचं, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, शेजारी साक्षीदार. तुमच्या पाकिटात ते स्टॅम्प कायम असायचे.

मला खरं सांगायचं तर तेव्हा ही सगळी कागदं ओझं वाटायची. पण नाना, त्या व्हाउचरांचं पुढे काय झालं ते लोकांना कळू दे. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांना मानधन द्यायची योजना आहे, 2024 पासून महिना 5000 रुपये मिळतात, पण त्यासाठी आपण कलावंत आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. आता आयुष्यभर लोकांच्या अंगणात चौक मांडून तुळजापूरच्या भवानीला आणि माहूरच्या रेणुकेला हाका मारणाऱ्या माणसाकडे कसला कागद असणार? तुम्ही फायलीतून आपली पत्रकं, फोटो आणि व्हाउचरच्या झेरॉक्स काढून दिल्या, अर्ज स्वतःच्या अक्षरात भरले, पंचायत समितीत तीन-तीन हेलपाटे घातले. त्या तुणतुण्यावाल्या काकांचं मानधन सुरू झालं तेव्हा ते पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आले होते.

नोंदणीचं तर मी दोनच वाक्यांत सांगते, कारण ते वर्ष आठवलं तरी डोकं दुखतं. सात जणांची कार्यकारिणी, 1860 चा सोसायटी कायदा, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय कार्यालय, पॅन, बँक खातं, मग संस्थेच्या करमाफीचं 12ए, मग देणगीदारांच्या करसवलतीचं 80जी, आणि कार्यकारिणीत कुणी बदललं की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, हे सगळं तुम्ही एकट्याने ओढलंत आणि एका टेबलावर "चहापाण्याचं" बघा म्हणाले तेव्हा तुम्ही तिथेच बाकावर तीन दिवस डबा घेऊन जाऊन बसलात पण दिलं नाही.

मला जास्त बोलायचंय ते दोन खात्यांबद्दल, कारण हे दुसऱ्या गावात कुणाला असं काही करायचं असेल तर त्याच्या कामाचं आहे. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या देणगीदाराने सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलं, फक्त स्टेजच्या मागे त्यांचा फोटो आणि दोन्ही दिवस त्यांचं भाषण. आम्ही सगळे खुश, तुम्ही एकटे अडून बसलात. तुमचं म्हणणं असं की त्यांनी एक वर्ष हात आखडला तर आपण काय करणार? मग तुम्ही ते घरवर्गणीचं काढलं. वर्षाला एका घराचे 500 रुपये, जास्त द्यायचे असतील तरी 500च. पहिल्या वर्षी 90 घरं झाली, आज 300 आहेत, म्हणजे दीड लाख. आणि मुख्य म्हणजे ते पैसे फक्त कलावंतांचे, त्याला हात लावायचा नाही. मंडप, साउंड, जनरेटर, छपाई हे सगळं जाहिरातदारांच्या आणि दुकानदारांच्या पैशातून. गेल्या वर्षी एकूण खर्च 3 लाख 20 हजार झाला, त्यात बिदागी 1 लाख 45 हजार, ती पूर्ण घरवर्गणीतून निघाली. म्हणजे उद्या सगळ्या जाहिराती गेल्या तरी मंडप जाईल, गाणं जाणार नाही.

आणि तसं झालंच की. जानेवारी 2016. आदल्या वर्षीचा दुष्काळ, त्याच उन्हाळ्यात पुढे लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो काळ. बाजारात कुणाकडे पैसाच नव्हता, एकही जाहिरात आली नाही. मी तर या वर्षी राहू द्या म्हणाले होते. तुम्ही पावतीपुस्तक घेऊन घरोघरी गेलात आणि 500 च्या जागी 50 घेतले, 100 घेतले, एका बाईंनी चार किलो ज्वारी दिली ती पण वजन करून, बाजारभावाने किंमत लावून, वस्तुरूपात जमा म्हणून लिहिलीत. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, शाळेच्या पटांगणात सतरंज्या, लोक घरून गोधड्या घेऊन आले आणि एकच रात्र केली. तीनच पार्ट्या बोलावल्या, पण कुणाची बिदागी एक रुपयाने कमी केली नाहीत. मला आजही विचारलं तर तो आपला सगळ्यात चांगला महोत्सव होता. थंडीत हलगीवाले शेकोटीभोवती हलग्या शेकत बसले होते, कातडं तापलं की बोटाने टणत्कार बघायचे, आणि पोरं त्यांच्याभोवती गोल करून. खतावणीत ती नोंद आहे, तुमच्या अक्षरात, "हलगी शेकण्यास लाकूड, 150". मी अशी नोंद दुसऱ्या कुठल्या हिशेबात पाहिली नाही.

दहा वाजताचा प्रश्न पण तुम्हीच सोडवलात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आहे आणि असायलाच पाहिजे, बारावीची पोरं अभ्यास करत असतात. पण गोंधळ हा रात्र चढल्यावर रंगणारा प्रकार, दहाला आख्यान कुठे जेमतेम सुरू होतंय. आम्ही परवानगी वाढवून आणायच्या मागे होतो, तुम्ही म्हणालात माईक हवाच कशाला? मग दहाला स्टेज बंद करून ज्यांना ऐकायचंय त्यांनी शाळेच्या सभागृहात यायचं, दारं-खिडक्या लावून, माईक नाही, मधे चौक, ज्वारीची धाटं, दिवटीचा उजेड. पहिल्या वर्षी चाळीस माणसं आली. आता दीडशे बसतात आणि हलत नाहीत. संबळाच्या दोन तोंडांचे दोन आवाज, ती वाकड्या टोकाची टिपरी पडते तेव्हाचा आवाज, स्पीकरमधून कधी तसा ऐकूच आला नव्हता. बाहेरून येणारे कलावंत आता विचारतात, आम्हाला दहानंतरचं मिळेल का.

बायकांच्या खोलीबद्दल पण लिहायचंय. पहिल्या वर्षी मुरळी म्हणून आलेल्या दोघींना कपडे बदलायला जागा नव्हती, मी स्वतः चादर धरून उभी होते. तुम्ही दुसऱ्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ ती घातली, आतून कडी असलेली खोली, आरसा, बादली, संडासात लाईट. मी बाई असून माझ्या यादीत ते सातव्या नंबरला होतं. हे मला नंतर खूप लागलं आणि त्यासाठी तुमचे वेगळे आभार.

आणि कोविड. 2020 चा आपला महोत्सव होऊन दोन महिने झाले आणि ऐन गुढीपाडव्याला सगळं बंद. कलावंतांची कमाईच मुळी चैत्राच्या जत्रांवर आणि लग्नसराईवर, ती दोन वर्षं गेली. तुम्ही दरवर्षी थोडे थोडे करून जे बाजूला ठेवत होतात, ज्याच्यावरून मी तुमच्याशी भांडले होते की नवीन साउंड घेऊ या, त्यातून 41 घरांना किराणा गेला. कुणाला फोटो काढू दिला नाहीत. यादी तुमच्याकडे तयार होती, कारण आठ वर्षांची व्हाउचरं होती, त्यात झीलकरी होते, ढोलकीवाले होते, ज्यांची नावं पत्रकावर कधीच आली नसती. त्यातच 2021 मध्ये सगळ्या जुन्या संस्थांना 12ए, 80जी पुन्हा नव्याने नोंदवायला लागलं, ते तुम्ही सत्तरीत, माझ्या भाचीला शेजारी बसवून, ऑनलाइन केलंत. तिला त्यातून इतकं कळलं की ती आता बीकॉमला आहे आणि खतावणी तिच्याकडे द्यायची असं तुम्हीच ठरवून गेलात.

काकूंना पण सांगा, तुमचे उपकार आहेत. बारा संक्रांतींना घरात वाणाच्या आधी लिफाफ्यांचे गठ्ठे मोजले गेलेत, त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, उलट लिफाफ्यांवर हळदकुंकवाचं बोट त्याच लावायच्या. या वर्षीचे लिफाफे मी पुण्याला पाठवते, तेवढं त्यांनी करावं असं मनापासून वाटतं.

लेकीकडे चाललात, चांगलं झालं, गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. 17 आणि 18 जानेवारीला शनिवार-रविवार आहे. या वेळी पेटीपाशी भाची बसेल, तुमची जागा सभागृहात भिंतीला टेकून, संबळाच्या बाजूला, खाली गादी आणि मागे लोड. ते गोंधळी आजोबा आता नाहीत पण त्यांचा तोच नातू येणार आहे, जो त्या दिवशी साथीदारांना बोलवायला पळाला होता, आणि त्याने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की नाना असतील ना.

आणि हो, 2016 च्या पावतीपुस्तकातली 37 नंबरची स्थळप्रत सापडत नाहीये. 50 रुपयांचीच आहे पण भाची म्हणते नानांना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

तुमची,
महोत्सवाची सचिव आणि शाळेतली बाई