सईला भूकंपाची गोष्ट सांगू नका

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. न.

परवा फोनवर सईशी तुमचं बोलणं झालं, तेव्हापासून पोरगी गप्प आहे. तिचं पहिलं वर्ष संपत आलंय. आता तीन विषयांतला एक मेजर, म्हणजे मुख्य, ठरवायचा, एक मायनर, म्हणजे दुय्यम. नवीन शैक्षणिक धोरण म्हणतात ते हेच. आमच्या वेळी एफवायला चार विषय, एसवायला तीन आणि टीवायला एक असं होतं. नावं बदलली, पोटातला गोळा तोच. तर बाबा, तुम्ही तिला नेहमीची गोष्ट सांगितलीत. किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या रात्रीच तुझ्या आईचा विषय ठरला, जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र. रात्री ती मला म्हणते, "माझ्या आयुष्यात असं काहीच घडलेलं नाही, मग मी कसं ठरवायचं?"

ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात, बारशात सांगता आणि मीही कधी अडवलं नाही. ऐकायला छान वाटते, पाहुणे माना डोलावतात. पण ती खरी नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव नुकतं झोपलं होतं तेव्हा आपण अंगणात पळालो, ते मला लख्ख आठवतं. पुढे कितीतरी रात्री घरात झोपायचं धाडस झालं नाही. मी दहावीत होते. त्या दिवसांत जमिनीखाली काय चाललंय याची मला कसलीही जिज्ञासा नव्हती. भीती होती, आणि तो विषय निघाला की मी उठून जायची.

मग बारावी. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीबीच्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर मेडिकल. लातूर पॅटर्नच्या त्या चाचण्या, उजळणी, पुन्हा चाचण्या. मार्क चांगले पडले, पण मेडिकलपुरते नाहीत. फर्ग्युसनला बीएस्सीला नाव घातलं, कारण मावशी पुण्यात होती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठरलेले. चौथा विषय म्हणून इलेक्ट्रॉनिक्स हवा होता, पण त्याच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतले क्लार्क म्हणाले, "जिऑलॉजी लिहा, मागे रांग आहे." मी लिहिलं. माझ्या विषयनिवडीचा श्रीगणेशा हा असा आहे.

एक सांगते, जे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. प्रॅक्टिकलला दगडाची पातळ चकती काचेवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणतात. घाटातला आपला काळा कुळकुळीत दगड, बसाल्ट, तेवढा पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो. ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, सरांनी वरचा नायकॉल, म्हणजे प्रकाश गाळणारी भिंग, आत सरकवला आणि त्या काळ्या दगडात निळे, गुलाबी, पिवळे तुकडे दिसायला लागले. तो ऑगाइट, त्या दगडातलं एक खनिज. मध्ये राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या, ते प्लॅजिओक्लेज, दुसरं खनिज. तबकडी फिरवली की एक काडी विझते, शेजारची उजळते. मी तास संपला तरी फिरवत बसले. आई, तुझा पाटा-वरवंटा त्याच दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि आपण त्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होतो.

तेव्हाही काही ठरलं नाही हं. आवडलं, एवढंच. ठरायला पुढची दोन वर्षं गेली. कात्रजच्या घाटात लाव्ह्याचे थर आणि मधले तांबडे पट्टे वहीत काढताना, वाघोलीच्या खाणीतले कॅव्हन्साइट या खनिजाचे निळे खडे पाहताना, आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये घड्याळाकडे बघत बसताना. दुसऱ्या वर्षी एका सरांनी "लातूरकडची ना तू? सांग किल्लारीचं" म्हटलं तर मला भीतीपलीकडे काहीच सांगता येईना. मग लायब्ररीत जाऊन वाचलं. म्हणजे भूकंप माझ्या अभ्यासात आला तो विषय घेतल्यानंतर.

१९९८ मध्ये टीवायचा फॉर्म भरायच्या वेळी तुमचं आंतरदेशीय पत्र आलं होतं. "केमिस्ट्री घे, कुठल्याही एमआयडीसीत चिकटशील. दगडांत मुलीला नोकरी कोण देणार? खाणीत बायकांना घेतात का?" बाबा, तुमचा तो प्रश्न रास्त होता. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती, ती शिथिल झाली २०१९ मध्ये. आमच्या वर्गातल्या मुलींसाठी अर्धी दारं बंदच होती. मी पाण्याकडे, म्हणजे भूजलाच्या कामाकडे, वळले त्यात आवड होती तशी ही अडचणही होती. पत्राच्या खाली, घडीच्या जागेत आईने लिहिलं होतं: "दगडांचं बघ. जेवण वेळेवर कर." मी फॉर्मवर जिऑलॉजी लिहिलं ते त्या ओळीच्या आधाराने.

म्हणून बाबा, सईला ती गोष्ट नका सांगू. त्यापेक्षा तुम्ही बीकॉम का केलंत ते सांगा. दिवसा अडत दुकानात हिशेब लिहायचा म्हणून सकाळचं कॉलेज हवं होतं आणि सकाळी फक्त कॉमर्सच होतं, हे तुम्ही मला एकदाच, तेही एसटीत बोलता बोलता सांगितलंय. आणि पुढे पंचायत समितीत जमाखर्चाची चूक शोधताना तुम्हाला जेवणाची शुद्ध नसायची, हेही सांगा. तिला तेच ऐकायची गरज आहे. सध्या तिला स्टॅटिस्टिक्स बरं वाटतंय, पण मैत्रिणी दुसरीकडे चालल्यात. मी काही बोलत नाही.

बोअरचं पाणी कमी झालंय म्हणालात. शेजारच्यांनी सातशे फूट मारलं म्हणून आपण घाई करायची नाही. आपल्याकडे पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकं असलेल्या खडकाच्या थरात. खाली अखंड काळा पाषाण लागला तर नुसते पैसे जातात. पाणाड्याला नारळ घेऊन बोलावू नका, त्याची फी माझ्यापेक्षा जास्त आहे. मी दिवाळीत येतेच आहे. तोवर रोज सकाळी मोटर सुरू करण्याआधी पाणी किती खोल आहे ते दोरी सोडून मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आकडे तुम्ही माझ्यापेक्षा नीट लिहिता.

आईच्या गुडघ्याचं तेल सईबरोबर पाठवते.

तुमची,
माई